पाहुण्यांचा निळा दोरा

पाण्याच्या मीटरांच्या दुरुस्तीखान्यात एक माणूस सतरा वर्षं पाहुणा होता. खुर्ची पुढे करून हातात पेला द्यावा, असला पाहुणा नव्हे. साडेनऊला यायचं, टेबल पुसायचं, पितळी मीटर उघडायचा, आतला गाळ खरवडायचा, फुंकर मारून पंखा फिरतो का बघायचं, नवं रबर घालायचं, काच बसवायची आणि सहा वाजता साबणानं हात धुऊन घरी जायचं, असा कामाचा पाहुणा.

नव्या माणसाला पाहुणा म्हणायची तिथली रीत होती. ती कुणी पाडली हे कुणाला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची कुणाला घाईही नव्हती. पुढचा नवा आला की आधीचा पाहुणा घरचा व्हायचा आणि त्याचं खरं नाव त्याला परत मिळायचं. पूर्वी वर्षाला दोनतीन माणसं लागायची, त्यामुळे हा पाहुणचार कुणाला फार सोसावा लागत नसे. दुरुस्तीखान्याचे प्रमुख मिस्त्री चार महिने पाहुणे होते. मीटरला तार ओवून शिशाचा शिक्का मारणाऱ्या शिक्केबाई तर फक्त अकरा दिवस. त्या अकरा दिवसांचा तोरा त्या अजून मिरवत.

नावाबरोबर एक दोराही यायचा. पाहुण्यानं दुरुस्त केलेल्या प्रत्येक मीटरच्या मानेला निळ्या दोऱ्याची गाठ मारायची. मागच्या खोलीत तपासणीचा ओटा होता. तिथं मीटर नळीला जोडून त्यातून मोजून शंभर लिटर पाणी सोडत आणि मीटर किती दाखवतो ते वहीत लिहीत. घरच्या माणसाचा मीटर एकदाच चालवायचा. निळ्या दोऱ्याचा दोनदा. वहीत त्यासाठी दोन रकाने होते, पहिला आकडा आणि दुसरा आकडा. घरच्या माणसांपुढे दुसऱ्या रकान्यात नुसती आडवी रेघ.

आपले पाहुणे आले तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होते. त्याआधी ते छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, उलटी अक्षरं सुलट वाचायची, यात त्यांची वीस वर्षं गेली होती आणि त्या कामात त्यांना तोड नव्हती. मग छापखाना बंद पडला. उलटं वाचता येणाऱ्या माणसाची बाहेर कुणाला गरज नव्हती. ओळखीच्या कुणीतरी इथं चिकटवलं. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी टेबल दाखवलं, निळ्या दोऱ्याची रीळ हातात दिली आणि म्हणाले, "बसा, पाहुणे. पुढचा येईपर्यंत."

पुढचा आलाच नाही. त्याच वर्षी भरती थांबली. लोक निवृत्त होत गेले, टेबलं रिकामी होत गेली, एका टेबलावर चहाचे कप राहायला आले. पाहुण्यांची रीळ संपली की भांडाराच्या वहीत नोंद व्हायची, निळा दोरा, नग एक. सतरा वर्षांत असे किती नग झाले ते भांडारातल्या कारकुनालाच ठाऊक. त्यालाही निवृत्त होऊन चार वर्षं झाली.

पाहुण्यांच्या बायकोला हे नाव पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं.

"पाहुणा म्हणतात म्हणजे काय म्हणतात?"

"नवीन आहे म्हणून. गमतीनं."

"गंमत कुणाची?"

यावर पाहुण्यांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं. त्यांचं मत असं की हे लोक प्रेमानं म्हणतात. छापखान्यात ते स्वतः नव्या पोरांना 'डाग' म्हणायचे. ए डाग, इकडे ये. ए डाग, ही ओळ परत कर. ते प्रेमच होतं, असं ते सांगत.

"त्या पोरांना विचारलं होतं का कधी?" बायको म्हणाली.

विचारलं नव्हतं. तसं विचारायची पद्धत नसते.

दोऱ्यावर तिचा राग जास्त होता. दोऱ्याचे तुकडे त्यांच्या सदऱ्याला चिकटून घरी यायचे आणि कपडे धुताना ती ते वेचून काढायची. नवव्या की दहाव्या वर्षी ती म्हणाली, "आपली लेक तुमच्या मागून हायस्कुलात गेली. शिकून बाहेर पडली, नोकरीला लागली. तुम्ही अजून पहिलीत. एक दिवस तरी दोरा न बांधता मीटर करून या. नाहीतर दुसऱ्यांचे मीटर तपासायच्या जागेवर तरी बसा. मग कोण पाहुणा म्हणतं बघू." पण त्यांच्या डब्याच्या पिशवीचा बंद तुटला तेव्हा तिनं तो शिवला, तो निळ्या दोऱ्यानं. घरात दुसरा दोरा नव्हता असं नाही.

मागच्या वर्षी ती गेली. दुरुस्तीखान्यातली सगळी मंडळी भेटायला आली, जेमतेम चार माणसं. निघताना मिस्त्रींनी खांद्यावर हात ठेवला. "पाहुणे, काही लागलं तर सांगा." स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर बसलेल्या माणसाला. पाहुण्यांच्या ते लक्षात आलं, आणि संध्याकाळी हिला सांगू, असंही मनात आलं. मग संध्याकाळ झाली.

त्यानंतर ते कामावर आले, गेले. मीटर उघडले, बंद केले. जेवण मऊ होतं की कच्चं, ते घास संपल्यावर आठवायचा प्रयत्न करत. लेक दर रविवारी फोन करायची. "बाबा, जेवलात का?" "जेवलो." "काय केलं होतं?" इथं ते थोडे अडखळत. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. खरोखर आठवत नसे.

एवढ्यात एक गोष्ट घडली आणि ती त्यांना हवीशी वाटली. वर्षभरात असं वाटलेली ती पहिलीच गोष्ट, म्हणून त्यांनी तिच्याकडे जरा संशयानंच पाहिलं.

तपासणीच्या ओट्यावर बसणारे तपासनीस महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. आकडे वाचायला ते भिंग वापरायचे, म्हणून सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. पाहुण्यांपेक्षा दोनच वर्षांनी मोठे, पण काका. मिस्त्री एक दिवस चहाच्या टेबलापाशी म्हणाले, "भिंगकाकांच्या जागेवर मी तुमचं नाव पाठवलंय. तुमच्यासारखा हात आहे कुणाचा इथं?"

"बरं," पाहुणे म्हणाले.

"नुसतं बरं?"

"बरं आहे," पाहुणे म्हणाले.

शिक्केबाई हसल्या. "अहो, यांना आनंद झालाय. आणखी किती दाखवणार माणूस?"

आनंद झाला होता की नाही हे सांगणं कठीण. पण त्या दिवशी ते मागच्या खोलीच्या दारातून ओट्याकडे थोडा वेळ बघत राहिले. निवृत्तीला दोन वर्षं होती. दोन वर्षं ओट्यावर. तिनं सांगितलेलं तेवढं एक करून झालं असतं.

आठवड्यानं वरच्या कचेरीचं पत्र आलं. तपासनिसाच्या जागेसाठी उमेदवारानं एकट्याच्या जबाबदारीवर केलेल्या कामाची नोंद दाखवावी. साहेब महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी स्वतः येऊन वही बघतील. मिस्त्रींनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात टाकलं. "बघू," ते म्हणाले. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं.

आणि त्याच आठवड्यात सतरा वर्षांनी नवीन माणूस आला.

बाई होत्या, पंचेचाळीस-सेहेचाळीसच्या. वरच्या कचेरीत त्या तक्रारींचे फोन घ्यायच्या. आता तक्रारी यंत्र ऐकून घेतं, म्हणून त्यांना इकडे पाठवलं. आल्या त्या खांद्याला पर्स, हातात बदलीचा कागद आणि चेहऱ्यावर असा भाव की लोकांच्या शिव्या एकोणीस वर्षं ऐकल्यात, आता तुमच्या ऐकते.

मिस्त्री उभे राहिले. इतक्या वर्षांनी रीत आठवावी लागली. "या, बसा, पाहु..." म्हणता म्हणता त्यांची नजर पाहुण्यांवर गेली आणि ते थांबले. एका घरात दोन पाहुणे कसे चालणार? त्यांनी घसा साफ केला आणि पाहुण्यांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारली.

पाहुण्यांनी दाराकडे पाहिलं, आणखी कोण आलं म्हणून.

"अहो, तुम्हालाच," शिक्केबाई म्हणाल्या.

"मला?"

"मग? सुटलात की. उठा, ती रीळ द्या यांना."

पाहुण्यांनी खणातून रीळ काढली आणि बाईंच्या टेबलावर ठेवली. अर्धी संपलेली होती. टाळी वाजवावी की नाही, असं क्षणभर सगळ्यांना वाटलं आणि कुणीच वाजवली नाही. मग सगळे कामाला लागले.

दुपारी त्यांचा पहिला मीटर तयार झाला. काच बसली, कडी घट्ट झाली आणि हात सवयीनं खणात गेला. खण रिकामा. त्यांनी मीटर तसाच, उघड्या मानेचा, मागच्या खोलीत नेऊन ठेवला. रविवारी लेकीचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "परवा दोरा नाही बांधला."

"कसला दोरा, बाबा?"

"मीटरचा."

"बरं," लेक म्हणाली. मग थोड्या वेळानं, "जेवलात का?"

नावाचं काही जमेना. खरं नाव मिस्त्रींच्या तोंडी दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी ते "अहो पाहुणे" म्हणाले आणि दोन टेबलांवरून दोन माना वर झाल्या. मग त्यांना 'जुने पाहुणे' आणि बाईंना 'नव्या पाहुण्या' म्हणून पाहिलं. ते फार लांबलं. शेवटी बाईंचं नाव पडलं टेलिफोनबाई, आणि पाहुण्यांना नुसतं "अहो" राहिलं. बायको म्हणायची तेच. पण ते या लोकांना कुठं ठाऊक.

टेलिफोनबाई कामाला चटपटीत होत्या आणि बोलायलाही. एकोणीस वर्षं समोरच्याचं ऐकून घेतलं होतं, त्याचा हिशेब आता चुकता चालला होता. एक दिवस मीटर उघडता उघडता त्यांनी विचारलं, "एक सांगा. पाहुणा म्हणतात ते लागावं म्हणून म्हणतात की लाडानं?"

"कोण?"

"हे सगळे. तुम्ही सतरा वर्षं ऐकलंत. तुम्हाला नाही माहीत तर कुणाला माहीत असणार? मी काय समजायचं ते सांगा, म्हणजे तसं तोंड करते."

पाहुण्यांनी पंख्यावर फुंकर मारली. पंखा फिरला, थांबला. पूर्वी त्यांच्याकडे याचं तयार उत्तर होतं, प्रेमानं म्हणतात. ते उत्तर देण्यासाठी समोर बायको लागायची. ती नाही म्हणणार, मग हे हो म्हणणार. आता नुसतंच हो कुणाला म्हणायचं?

"मला सांगता नाही येणार," ते म्हणाले.

"आमच्याकडे नवीन मुलीला 'राँग नंबर' म्हणायचे," टेलिफोनबाई म्हणाल्या. "मी पहिल्या आठवड्यात घरी जाऊन रडायचे. मग माझ्यानंतर एक आली, तिला मीच म्हणायला लागले. तेव्हा मला त्यात काही वाईट दिसेना." त्यांनी निळा दोरा बोटाभोवती गुंडाळला. "पण या दोऱ्याचं मला माहीत होतं हं. लोक फोन करून विचारायचे. आमच्या मीटरला निळा दोरा आहे, बिघडलेला दिलाय का? आम्हाला सांगून ठेवलं होतं, म्हणायचं की तो दोनदा तपासलेला असतो. मग काय, लोक मागायलाच लागले. नळवाले यायचे ते म्हणायचे, निळ्या दोऱ्याचा असेल तर द्या. एक आजोबा तर तो मिळेना म्हणून तीन महिने माझ्याशी भांडत होते."

"कुठला मीटर?"

"तुमचा. दुसरा कोण निळा दोरा बांधत होता?"

पाहुण्यांनी हातातला पंखा खाली ठेवला. मग म्हणाले, "आजोबांना मिळाला का?"

"मिळाला. मग फोन बंद झाले. चुकल्याचुकल्यासारखं झालं."

शिक्केबाई तार ओवता ओवता म्हणाल्या, "बघा, गावभर मागणी, आणि इथं आम्ही यांना चहा शेवटी देत होतो."

हे ऐकून काहीतरी वाटायला हवं, हे पाहुण्यांना कळत होतं. ते वाट बघत राहिले. खिडकीत ऊन होतं, टेबलावर पितळेचा कीस होता. काही आलं नाही. त्यांनी पुढचा मीटर घेतला.

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी भिंगकाकांनी त्यांना ओट्यापाशी बोलावलं. ओटा समजावून द्यायचा होता. कुठला नळ जड आहे, कुठल्या टाकीची रेघ पुसट आहे, पाणी सोडल्यावर नळीतली हवा जाईपर्यंत किती थांबायचं, हे सगळं त्यांनी दाखवलं. खोलीत ओल होती आणि भिंतीलगत तपासून झालेले मीटर ओळीनं ठेवलेले होते. मग त्यांनी दार पुढे ओढलं आणि वही उघडली.

"हा दुसरा रकाना," भिंगकाका म्हणाले. "यात मी एक केलंय."

"काय?"

"तुमचे मीटर पहिले सहा महिने दोनदा चालवले. त्यानंतर नाही."

पाहुण्यांनी वहीकडे पाहिलं. पहिला आकडा, दुसरा आकडा. अठ्ठ्याण्णव पूर्णांक नऊ, नव्व्याण्णव. पानंच्या पानं.

"मग हे?"

"मनानं लिहिलं. पहिल्यापेक्षा थोडा वर, थोडा खाली. खरा वाटावा म्हणून." भिंगकाका भिंग रुमालानं पुसत होते. ते आधीच स्वच्छ होतं. "सहा महिन्यांत एकदाही दुसरा आकडा बिघडला नाही. मग म्हटलं, या माणसाचं परत काय बघायचं?"

"मग दोरा काढायचा."

"तो माझ्या हातात कुठं होता? नवा आला की सुटतो. मिस्त्रींना एकदा म्हटलं होतं मी. ते म्हणाले, मग पाहुणा कुणाला म्हणायचं? सगळेच घरचे झाल्यावर घर सुनं वाटतं." त्यांनी रुमालाची घडी घातली. "तेही तुमच्यावर जीव असल्यामुळेच म्हणाले."

पाहुणे ओट्याच्या कडेला टेकले. कड ओली होती, विजार भिजली. सतरा वर्षं त्यांनी गाठ मारली होती, ती कुणी सोडवून बघतच नव्हतं. विश्वास म्हणावा, तर तो त्यांना कुणी सांगितला नव्हता. हे घरी सांगितलं असतं तर बायको काय म्हणाली असती, याचा त्यांनी अंदाज घेऊन पाहिला. तिचा आवाज आठवला, शब्द आठवेनात.

"उद्या साहेबांना मी सांगतो," भिंगकाका म्हणाले. "तुमचा मीटर एका तपासणीवरच बाहेर जात होता. म्हणजे एकट्याच्या जबाबदारीवरच झालं की. जागा तुमची."

"आणि तुमचं?"

"वहीत खोटं लिहिलं म्हणतील. पेन्शनचे कागद अडकवतील थोडे दिवस. चौकशी करतील." भिंगकाकांनी भिंग खिशात ठेवलं. खिसा चुकला, मग दुसऱ्यांदा नीट ठेवलं. "करू देत. साठ वर्षांचा झालोय, कान धरून उभं करतील का?"

विनोद होता, पण दोघांपैकी कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तरुण होते, सभ्य होते, चहा नको म्हणाले आणि मग घेतला. ओट्याशेजारच्या टेबलावर वही पसरली. एका बाजूला मिस्त्री, एका बाजूला भिंगकाका, समोर पाहुणे. शिक्केबाई आणि टेलिफोनबाई दारात, काम नसताना हातात पाना घेऊन.

साहेबांनी बरीच पानं उलटली. "यांच्या नावापुढे कुठंच रेघ नाही. रेघ असते ती एकट्याच्या कामाची, बरोबर?"

"बरोबर," मिस्त्री म्हणाले. "पण ती आमच्याकडची जुनी पद्धत आहे, साहेब. नवा माणूस आला नाही म्हणून दोरा राहिला. माणूस एक नंबर आहे."

"असतील ना. मी नाही म्हणत नाही. पण कागदावर यांचा प्रत्येक मीटर दोनदा तपासावा लागलाय. सतरा वर्षं. आणि मी यांना इतरांचे मीटर तपासायला बसवतोय, हे वर कसं लिहू?" ते खरोखरच अडचणीत दिसत होते. "गेल्या आठवड्यात रेघा आहेत, नऊ. नऊ मीटरांवर कसं होणार?"

नळाच्या तोंडाशी एक थेंब धरत होता.

भिंगकाकांनी भिंग पुसलं, परत पुसलं. "साहेब, त्या दुसऱ्या आकड्याबद्दल मला जरा..."

"दुसरा आकडा बरोबर आहे," पाहुणे म्हणाले.

साहेबांनी वर पाहिलं. "म्हणजे?"

"दोनदा चालवायचे. पाण्याचा आवाज यायचा. मी बाहेरच बसायचो."

भिंगकाकांनी त्यांच्याकडे पाहिलं. पाहुण्यांनी थेंबाकडे पाहिलं. तो पडला, दुसरा धरायला लागला. साहेबांनी वही मिटली आणि म्हणाले की मग त्यांच्या हातात काही नाही. वरून माणूस पाठवतील, दोनतीन महिने जातील. तोवर ओटा कोण चालवणार?

"हे चालवतील," मिस्त्री म्हणाले. "तात्पुरते."

"तात्पुरतं चालेल," साहेब म्हणाले. तात्पुरत्याला नोंद लागत नाही.

शिक्केबाईंना भिंगकाकांनी सगळं सांगितलं असावं, कारण नंतर त्यांनी पाहुण्यांना दोनदा विचारलं, असं का सांगितलंत म्हणून. एकदा रागानं, एकदा नुसतंच. पाहुणे म्हणाले, तोंडातून निघालं. लोकांनी याला मोठेपणा म्हटलं. असेलही. पण त्या क्षणी त्यांना एवढंच वाटलं होतं की समोरचा माणूस दोनदा भिंग पुसतोय आणि हे लवकर संपावं.

महिना संपला. भिंगकाका हार घालून घेऊन, भिंग ओट्यावरच विसरून घरी गेले. विसरून की ठेवून, ते त्यांना विचारायला कुणी गेलं नाही.

नव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला, साडेपाचच्या सुमारास, टेलिफोनबाई एक मीटर घेऊन मागच्या खोलीत आल्या. दिवसातला शेवटचा. मानेला निळी गाठ, जरा सैल.

"गाठ अशी नाही मारायची," पाहुणे म्हणाले आणि ती सोडवून परत मारून दाखवली. दोन वेढे, एक फास. मग मीटर नळीला जोडला, हवा जाईपर्यंत थांबले, नळ सोडला. शंभर लिटर व्हायला वेळ लागतो. बाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. टाकी रेघेपर्यंत भरली. पाहुण्यांनी भिंग धरलं.

"नव्व्याण्णव पूर्णांक दोन. चांगला आहे."

"मग जाऊ? बस चुकेल."

पाहुण्यांनी वहीत पहिला आकडा लिहिला. लेखणी दुसऱ्या रकान्यावर आली. तिथं काय लिहायचं ते त्यांना दिसत होतं. नव्व्याण्णव पूर्णांक तीन. थोडा वर. ही बाई नीट काम करते, हे नऊ दिवसांत कळलं होतं. लिहिलं असतं तर बस मिळाली असती.

त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि टाकी रिकामी करायला तळाचा नळ उघडला.

"परत?" बाई म्हणाल्या. "का, भरवसा नाही?"

"तसं नाही."

"मग काय?"

पाणी मोठ्या आवाजानं खाली जात होतं. पाहुण्यांनी काही उत्तर दिलं असेल तर ते बाईंना ऐकू आलं नाही. टाकी रिकामी झाली. त्यांनी तळाचा नळ बंद केला, वरचा सोडला. बाईंनी घड्याळ पाहिलं, पर्स ओट्यावर ठेवली आणि शेजारचं स्टूल ओढून बसल्या.

"माझ्यानंतर कुणी येणार आहे का हो?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," पाहुणे म्हणाले.

दोघं पाणी रेघेला लागायची वाट बघत बसले. पर्सच्या शेजारी पाहुण्यांची डब्याची पिशवी होती.

"शिलाई छान आहे," बाई पिशवीच्या बंदाकडे बघून म्हणाल्या. "दोरा इथलाच दिसतोय."

"हो," पाहुणे म्हणाले आणि भिंग उचललं. "नव्व्याण्णव पूर्णांक एक."

त्यांनी ते लिहिलं.